‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’: खोटा अँटिव्हायरस ओळखायचा कसा आणि काढायचा कसा?

मे महिना म्हणजे आमच्या मामीचा सीझन. कोल्हापुरात मंगळवार पेठेत तिचा घरगुती कांदा-लसूण चटणीचा व्यवसाय आहे. ऑर्डरी पुण्या-मुंबईपर्यंत जातात, आणि सगळा हिशेब हॉलमधल्या जुन्या डेस्कटॉपवर एक्सेलमध्ये असतो. बँकेचं लॉगिनही त्याच ब्राउझरमध्ये.

एका संध्याकाळी मी पुण्यात ऑफिसमधून निघत होते, तेवढ्यात तिचा फोन आला. आवाज एकदम हळू.

“अगं, तुझे मामा मघापासून कुणाशी तरी फोनवर बोलायल्यात. कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत म्हणे. तो माणूस इथला माउस तिकडनं हलवायलाय. आता बँकेचं लॉगिन करा म्हणतोय. करू दे काय?”

मी म्हटलं, “मामी, भिंतीवरचं बटण बंद कर. आत्ता.”

तिने केलं. तोवर मामांनी ‘लाइफटाइम प्रोटेक्शन’साठी ४,९९९ रुपये यूपीआयने भरलेले होते. बँकेचं लॉगिन तेवढं वाचलं.

हा लेख त्या कॉम्प्युटरबद्दल आहे, पण लिहितेय तुमच्यासाठी. तुम्ही दिवसभर मोबाइलवर असता, डेस्कटॉपला हातही लावत नसाल. पण घरात काही बिघडलं की हाक तुम्हालाच येते. तेव्हा काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने काय करायचं, ते एकदा नीट समजून घेऊ.

आधी एकच प्रश्न: हे बोलतंय कोण?

स्क्रीनवर धोक्याची सूचना आली की आपण मजकूर वाचायला लागतो. किती व्हायरस, कुठल्या फाइलमध्ये, किती धोका. तिथेच फसतो. मजकूर खोटा लिहायला काहीच लागत नाही. बघायचं ते हे, की ही सूचना नेमकी कोण दाखवतंय. शक्यता चारच आहेत:

१. ब्राउझरमध्ये उघडलेलं एखादं वेब पेज
२. ब्राउझरमार्फत येणारं एखाद्या वेबसाइटचं नोटिफिकेशन
३. कॉम्प्युटरवर इन्स्टॉल झालेला खोटा प्रोग्रॅम
४. खरोखर विंडोज किंवा तुमचा खरा अँटिव्हायरस

पहिल्या तिन्ही प्रकारांचा इलाज वेगवेगळा आहे. म्हणून आधी ओळख, मग सफाई.

वेब पेज तुमचा कॉम्प्युटर स्कॅन करूच शकत नाही

एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धं काम झालं. ब्राउझर प्रत्येक वेब पेजला एका बंद खोलीत ठेवतो. तुम्ही स्वतः फाइल निवडून दिल्याशिवाय त्या पेजला तुमच्या ड्राइव्हवरची एकही फाइल वाचता येत नाही. मग ‘स्कॅनिंग… ६७ टक्के’ असं जे दिसतं ते काय? ते ॲनिमेशन. फाइलींची नावं, लाल अक्षरं, व्हायरसचा आकडा हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं. काही वर्षांपूर्वी अशी पानं मॅकवर उघडली तरी ‘सी ड्राइव्ह’मध्ये व्हायरस दाखवायची. मॅकला सी ड्राइव्ह नसतोच.

“पण त्यांना माझं गाव कसं कळलं?” हा मामांचा प्रश्न. त्या पानावर त्यांचा आयपी ॲड्रेस आणि ‘कोल्हापूर’ असं लिहिलेलं होतं. यात जादू काही नाही. कुठलीही वेबसाइट उघडली की तिला तुमचा आयपी ॲड्रेस कळतो आणि त्यावरून गावाचा साधारण अंदाज येतो. ब्राउझर कुठला, विंडोज आहे की अँड्रॉइड, हेही कळतं. तेवढीच माहिती घाबरवायला वापरतात.

खरं आणि खोटं: फरक कुठे दिसतो?

- फोन नंबर. विंडोजच्या खऱ्या सूचनेत ‘या नंबरवर फोन करा’ असं कधीच नसतं. मायक्रोसॉफ्टने हे जाहीरपणे सांगितलेलं आहे. नंबर दिसला की समजायचं, खोटं आहे.
- घाई. ‘५ मिनिटांत डेटा डिलीट होईल’, ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ आणि मागे सायरन. खरा अँटिव्हायरस कोपऱ्यात छोटी सूचना देतो आणि बहुतेक वेळा तुम्हाला न विचारताच ती फाइल वेगळी काढून ठेवतो.
- स्कॅन फुकट, सफाईला पैसे. आधी शंभर-दोनशे ‘धोके’ दाखवायचे आणि काढायचे म्हटलं की कार्ड मागायचं.
- तुम्ही आणलेलाच नाही. ज्या कंपनीचा अँटिव्हायरस घरात कधी घेतलाच नाही, त्याचं ‘सबस्क्रिप्शन संपलं’ कसं?
- बंद न होणं. खिडकी बंद केली की पुन्हा उघडते, क्रॉसचं बटण सापडत नाही.

खरी परिस्थिती बघायची जागा एकच. स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करा आणि उघडा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आधीपासून असतो, तोही फुकट. तिथे ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये सध्या कुठला अँटिव्हायरस काम करतोय ते दिसतं. स्क्रीनवर ओरडणाऱ्याचं नाव तिथे नसेल, तर तो या घरचा नाही. नाव दिसलं म्हणून मात्र लगेच विश्वास ठेवू नका. ते घरात कुणी आणलं, हेही विचारा.

प्रकार १: पूर्ण स्क्रीन व्यापणारं पान

कुठलंही बटण दाबू नका. ‘कॅन्सल’सुद्धा नाही, कारण त्या चित्रातलं कॅन्सल हेही त्यांचंच बटण आहे. एस्केपची की काही सेकंद दाबून धरा म्हणजे फुल स्क्रीन जाईल, मग टॅब बंद करा. जमत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कीज एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ब्राउझरचं नाव निवडून ‘एंड टास्क’ करा.

ब्राउझर पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पानं परत उघडू का?’ असं तो विचारेल. नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत येईल. एवढंच झालं असेल, काही डाउनलोड केलं नसेल, कुठे फोन केला नसेल, तर बहुतेक वेळा विषय इथेच संपतो.

प्रकार २: कोपऱ्यातली नोटिफिकेशन्स

मामांकडे सुरुवात इथूनच झाली. उजव्या कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी एका नावाजलेल्या अँटिव्हायरसचा लोगो आणि ‘तुमचं संरक्षण संपलंय’ अशी सूचना. नीट बघितलं असतं तर त्यावर ब्राउझरचं नाव आणि खाली बारीक अक्षरात भलत्याच वेबसाइटचा पत्ता दिसला असता.

ही परवानगी आपणच दिलेली असते. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं एखादी साइट सांगते. आपण दाबतो, आणि तिला नोटिफिकेशन पाठवायचा हक्क मिळतो. खरी रोबो-तपासणी अलाऊचं बटण कधीच मागत नाही.

क्रोममध्ये काढायचं असं: सेटिंग्ज, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. अनोळखी नावापुढच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘ब्लॉक’ करा. दोन मिनिटांचं काम आहे. आता लगेच मोबाइलच्या क्रोममध्येही हीच यादी उघडून बघा. तिथेही एखादं नाव सापडण्याची शक्यता बरीच आहे.

प्रकार ३: इन्स्टॉल झालेला खोटा प्रोग्रॅम

डेस्कटॉपवर नवीन आयकॉन, कॉम्प्युटर सुरू होताच उघडणारी खिडकी, स्वतःहून चालू होणारा ‘स्कॅन’ असं दिसलं तर प्रोग्रॅम खरंच आत आलाय. तेव्हा पुढचा क्रम पाळा.

१. नेट बंद करा. केबल काढा किंवा वायफाय बंद करा. आत बसलेल्याचा बाहेरशी संपर्क तुटतो.

२. महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. फोटो, एक्सेल, पीडीएफ एवढंच. कुठलीही इन्स्टॉल करायची फाइल सोबत घेऊ नका.

३. अनइन्स्टॉल करा. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ उघडा आणि यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या दिवशी काय काय आलं ते बघा. खोटा अँटिव्हायरस क्वचितच एकटा येतो. सोबत एखादा ‘ड्रायव्हर अपडेटर’ किंवा ‘पीसी क्लीनर’ही असतो. तेही काढा.

४. निघत नसेल तर सेफ मोड. शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा. मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, पुन्हा ‘रीस्टार्ट’ आणि शेवटी ४ दाबा. विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टी घेऊन सुरू होतं. तिथे अनइन्स्टॉल जमत नसेल, तर निदान टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीत त्याचं नाव डिसेबल करा आणि नेहमीच्या विंडोजमध्ये येऊन पुन्हा प्रयत्न करा.

५. ब्राउझर तपासा. एक्स्टेन्शनच्या यादीतलं अनोळखी सगळं काढा.

६. ऑफलाइन स्कॅन. नेट सुरू करून विंडोज सिक्युरिटीत आधी अपडेट घ्या. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते. साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज चालू असताना लपून बसणाऱ्या गोष्टी यात सापडू शकतात.

७. डिफेंडर खरंच चालू आहे ना? काही खोटे प्रोग्रॅम त्याला बंद पाडतात किंवा ‘एक्स्क्लुजन्स’च्या यादीत स्वतःचं फोल्डर टाकून ठेवतात, म्हणजे तिथे तपासणीच होत नाही. ती यादी उघडून बघा. तुम्ही स्वतः काही टाकलं नसेल तर ती रिकामी हवी.

दुसरं मत हवं असेल तर सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने ते फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलं. सीएसके डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर फुकट सफाईची साधनं मिळतात, त्यात आपल्या पुण्याच्या क्विक हीलचंही आहे. साधन कुठलंही घ्या, पण पत्ता स्वतः टाइप करून जा. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारी जाहिरात उघडू नका. बनावट डाउनलोड बऱ्याचदा तिथूनच येतात.

प्रकार ३ पेक्षा वाईट: कुणाला आत घेतलं असेल तर

मामांनी त्या पानावरच्या नंबरवर फोन केला. समोरचा माणूस अतिशय आदराने बोलत होता. त्याने एक रिमोट ॲप डाउनलोड करायला लावलं आणि स्क्रीनवर आलेला कोड विचारला. कोड दिला की तुमचा कॉम्प्युटर त्याच्या हातात. मग त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली. “बघा सर, किती व्हायरस.”

तुमच्या-माझ्या, कुणाच्याही कॉम्प्युटरवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, अशा खुणा असतातच. ती विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सर्व्हिस सुरू व्हायला उशीर झाला तरी त्यात नोंद पडते. त्याचा व्हायरसशी संबंध नाही.

रिमोट ॲप्स मुळात वाईट नाहीत. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांनी आयटीतली कितीतरी कामं रोज होतात. पण अनोळखी माणसाला कोड देणं म्हणजे घराची किल्ली देणं. तो आत वीस मिनिटं होता. त्याने काय बघितलं, काय ठेवलं, हे नंतर खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी वरचे सात मुद्दे पुरेसे नाहीत. मी शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडून कोल्हापूर गाठलं आणि सरळ सेटिंग्जमधलं ‘रीसेट धिस पीसी’ वापरून, मामीच्या एक्सेल फाइली आधी बाजूला काढून, विंडोज कोरं करून टाकलं. दुपार गेली, पण मनात शंका उरली नाही.

पासवर्ड मात्र शनिवारपर्यंत थांबले नाहीत. ते त्याच रात्री बदलले, आणि मामीच्या मोबाइलवरून. ज्या कॉम्प्युटरवर संशय आहे त्यावरच नवा पासवर्ड टाइप करण्यात अर्थ नाही. आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचे. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेलेच, असं धरून चाला.

पैसे गेले असतील तर

१९३० हा राष्ट्रीय सायबर फसवणूक हेल्पलाइनचा नंबर. लगेच लावा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर ऑनलाइन तक्रारही करता येते. बँकेलाही त्याच वेळी कळवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत तक्रार पोहोचली, तर ते तिथेच थांबवण्याची शक्यता असते. दुसरं कारणही आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, आणि कळवल्यानंतर होणारा तोटा बँकेचा. म्हणजे “उद्या बघू” हे महागात पडू शकतं.

फोन नंबर, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक आणि त्या पानाचा मोबाइलने काढलेला फोटो जपून ठेवा. आम्ही तक्रार केली, पावती मिळाली. ४,९९९ रुपये अजून परत आलेले नाहीत.

हा धंदा जुना आहे, आणि मोठाही

‘आपले मामाच भोळे’ असं वाटत असेल तर थोडा इतिहास बघा. २००० च्या दशकात विनफिक्सर, एक्सपी अँटिव्हायरस अशा नावांचे खोटे प्रोग्रॅम जगभर पसरले होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीवर खटला भरला. दहा लाखांहून जास्त लोकांनी असे प्रोग्रॅम विकत घेतले होते, असं कमिशनचं म्हणणं होतं. २०१२ मध्ये या प्रकरणात कोर्टाने १६ कोटी ३० लाख डॉलरचा आदेश दिला.

आणि फक्त अंधाऱ्या वेबसाइट्सच हे करतात असंही नाही. २०१९ मध्ये ऑफिस डेपो या मोठ्या अमेरिकन दुकानसाखळीने अडीच कोटी डॉलर आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरून असंच एक प्रकरण मिटवलं. आरोप असा होता की दुकानातली फुकट ‘पीसी हेल्थ चेक’ तपासणी आधी ग्राहकाला चार प्रश्न विचारायची: कॉम्प्युटर हळू चालतो का, पॉप-अप येतात का, वगैरे. एकालाही ‘हो’ म्हटलं की निकाल ठरलेला, व्हायरसची लक्षणं सापडली. तपासणी नावालाच.

फोनवरून फसवणाऱ्यांची टोळी तर आपल्याच देशातही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशभरात ७६ ठिकाणी छापे टाकले. त्यातली काही प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून होती: त्यांच्या नावाने टेक सपोर्टवाले बनून परदेशी लोकांना लुबाडणारी कॉल सेंटर्स. समोरचा माणूस रोज तेच बोलतो, त्याला सगळं पाठ असतं. मामा ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

पुन्हा येऊ नये म्हणून

- विंडोज अपडेट चालू ठेवा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घरचा कॉम्प्युटर अजून त्यावर असेल तर ११ वर जाता येतं का ते तपासा.
- एका वेळी एकच अँटिव्हायरस. डिफेंडर चालू असेल तर बहुतेक घरांना तेवढा पुरतो.
- एजमध्ये ‘स्केअरवेअर ब्लॉकर’ नावाची सोय आली आहे. फुल स्क्रीन घाबरवणारी पानं ती ओळखते. सेटिंग्जमध्ये चालू आहे का बघा.
- घरातल्यांचं रोजचं अकाउंट साधं ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर नको. मग काही इन्स्टॉल होताना पासवर्ड विचारला जातो आणि माणूस दोन सेकंद थांबतो.

राहिलेली एक गोष्ट

त्या शनिवारी रीसेट चालू असताना मामेभाऊ शेजारी येऊन बसला. बारावी झालेला, दिवसभर मोबाइलवर असणारा, माझ्यापेक्षा भरभर टाइप करणारा. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, ते अलाऊ मीच दाबलेलं. आयपीएल बघायला एक फुकटची साइट उघडली होती. आठ दिवस ते नोटिफिकेशन यायलंय, मला माहीत होतं. पप्पा ओरडतील म्हणून बोललो नाही.”

आठ दिवस. त्याने पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं: साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, ब्लॉक. मी त्याला रागावले नाही. मी स्वतः वर्षापूर्वी मामांना फोनवर म्हटलं होतं, “टाका की कुठलातरी अँटिव्हायरस.” कुठला, कुठून आणि कशाला, हे सांगायला मला वेळ नव्हता. इंजिनिअर भाचीने ‘टाका’ म्हटल्यावर मामांनी स्क्रीनवर जो आला तो टाकून घेतला.

म्हणून आज घरी गेल्यावर दहा मिनिटं काढा. आईवडिलांच्या कॉम्प्युटरवर ती नोटिफिकेशनची यादी उघडा, विंडोज सिक्युरिटी कुठे आहे ते त्यांना दाखवा आणि सांगा, काहीही विचित्र दिसलं तर आधी मला फोन करा, मी हसणार नाही. आणि चूक तुमच्याकडूनच झाली असेल, तर तीही सांगून टाका.

मामांनी आता मॉनिटरच्या कडेला मामीच्या चटणीच्या बरणीवरचं एक लेबल उलटं करून चिकटवलंय. त्यावर निळ्या पेनने तीन ओळी आहेत: ‘फोन करायचा नाही. कोड द्यायचा नाही. आधी पोरांना विचारायचं.’